सुमतीबाईंची पिशवी

भाईंदरजवळच्या मुर्धा गावातल्या आमच्या घरात मासळी शिजली नाही असा दिवस क्वचितच उजाडायचा, आणि त्याच घरात जन्मलेल्या मला मासळीचा काटाही चाटायची मुभा नव्हती. नुसती मासळीच नव्हे. डाळ, दूध, अंडं, शेंगदाणे, चण्याचं पीठ, सगळंच बंद. भात मोजून, एका ठरावीक पितळी वाटीनं, आणि ती वाटी आईशिवाय कुणी भरायची नाही. बाकीचं पोट साबुदाण्याच्या पिठाची भाकरी, रताळी, दुधी, पडवळ आणि पाण्यात शिजवलेली आरारुटाची खीर यांच्यावर भरायचं. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, पोर बारा महिने उपास करते, मोठी पुण्यवान आहे. सखूआते, म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन आमच्याकडेच राहिलेली. ती भाईंदरच्या बाजारात मासळी विकायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा. ती त्या बायकांना उत्तर द्यायची, "पुन्याची एवढी हौस हाय तर या की. तुमी पन खा साबुदाना, आमच्या जयूला जोडीदारीन व्हईल." माझं नाव जयवंती, पण त्या नावानं मला फक्त शाळेच्या हजेरीत हाक मारली जायची.

मला काय झालं होतं ते आज मी कुणालाही दोन वाक्यांत सांगू शकते. अन्नातल्या प्रथिनांत एक घटक असतो, तो फोडायची सोय माझ्या शरीरात जन्मतःच नाही; तो रक्तात साठत गेला की मेंदूला बाधतो. आईकडून अर्धा दोष आणि बाबांकडून अर्धा दोष असे दोन अर्धे एकत्र आले की मुलात आजार पुरा होतो, आईबाबा मात्र धडधाकट राहतात. हे घरात कुणाला नीट कळलं नव्हतं आणि कळून घ्यायची गरजही वाटत नव्हती, कारण पथ्य न पाळल्यावर काय होतं ते आमच्या ओटीवरच बसलेलं असायचं. माझा दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमच्या सगळ्या काळ्यासावळ्या खानदानात तो एकटा गोरा, पिंगट केसांचा; लहानपणी गाव त्याला साहेब म्हणायचं आणि आई रोज त्याची दृष्ट काढायची. तो चालायला उशिरा शिकला, बोलायला शिकलाच नाही, आणि मग त्याला फिट्स येऊ लागल्या. मी पोटात असताना आई त्याला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेली, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरनं वाकून त्याच्या अंगाचा वास घेतला. आते हा प्रसंग नाक फेंदारून करून दाखवायची. "आमी कोली. आमच्या अंगाला म्हावऱ्याचा वास यायचाच. पन तो डाक्टर बोलला, ह्यो म्हावऱ्याचा न्हाय, ह्यो उंदराचा वास हाय." दादाची लघवी तपासली, आजाराचं नाव कळलं, त्याचं गोरेपणही आजाराचंच निघालं, पण तोवर दादासाठी फार उशीर झाला होता. मी जन्मले तशी लगेच मलाही तपासलं, आणि माझ्यासाठी उशीर झाला नाही. दादामुळे मी वाचले, हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला बरीच वर्षं जावी लागली.

प्रथिनांच्या ऐवजी मला एक परदेशी पावडर पाण्यात कालवून प्यावी लागायची. कुठल्याशा धर्मादाय मंडळींमार्फत ती इस्पितळात यायची आणि तिथून डब्यांनी आमच्याकडे. तिचा वास असा होता की अंगणात जवळा सुकत घालून त्याच्या शेजारी निवांत जेवणारी माणसं मी पेला तोंडाला लावला की उठून बाहेर जायची. बाबा एकदा खाडीवरून आले आणि दारातच थांबून म्हणाले, "कनची कोलंबी सडली गो?" घरात मी पावडर पीत होते. मला स्वतःला त्या वासाचं काहीच वाटायचं नाही, कारण दुसरं काही प्यालेलंच नव्हतं. मला त्रास व्हायचा तो आवाजाचा. आई मला सगळ्यांच्या आधी, एकटीला, जेवायला वाढायची आणि माझं झालं की मगच बोईट मासा तव्यावर टाकायची, पण भिंती कुडाच्या होत्या. तापल्या तेलात तुकडी पडल्याचा तो चर्रर्र आवाज, मग पाट्यावर खोबऱ्याचं वाटण, मग चिंबोरीची नांगी फोडताना आतेच्या दाढांचा आवाज. इतरांच्या तोंडाला वासानं पाणी सुटतं, माझ्या तोंडाला आवाजानं सुटायचं. अजूनही सुटतं. आता मी पेणकरपाड्याला चौथ्या मजल्यावर राहते, शेजारी उत्तर प्रदेशातले शाकाहारी आहेत, ते कढईत भजी सोडतात तरी माझं लक्ष तिकडे जातं.

माझं रक्त दर काही महिन्यांनी इस्पितळात तपासलं जायचं. मला न्हाण आलं त्या सुमारास डॉक्टर आईला म्हणाले की आता नुसतं रक्त पाहून भागणार नाही. या वयात मुलं वाढतात, पथ्य ढिलं होतं, आणि पहिली झळ लागते ती लक्षाला आणि स्मरणाला, तेव्हा दर वर्षी तीही तपासून घेऊ. त्यासाठी व्हरांड्याच्या टोकाला एका लहान खोलीत मानसशास्त्राच्या बाई बसत. पांढरी सुती साडी, जाड काचांचा चष्मा, बोलणं अगदी मोजकं. त्या मला आकडे सांगायच्या आणि मी ते उलटे म्हणायचे. अक्षरांनी खचाखच भरलेला कागद द्यायच्या, त्यातलं एकच अक्षर शोधून खोडत जायचं आणि त्या हातात घड्याळ धरून बसायच्या. एक चमत्कारिक आकृती दाखवून ती काढायला सांगायच्या आणि बऱ्याच वेळानं पुन्हा, न बघता, काढायला सांगायच्या. मला हे सगळं फार आवडलं. शाळेत कुणी माझ्याकडे इतकं टक लावून पाहत नसे. शेवटी त्यांनी एक गोष्ट सांगितली, संथ, सपाट आवाजात, रेडिओवर बाजारभाव सांगतात तशी:

"सुमतीबाई मंगळवारी सकाळी बसने बाजारात गेल्या. त्यांनी दोन नारळ, एक हिरवी साडी आणि मुलासाठी कंपासपेटी घेतली. परत येताना पाऊस लागला. घाईत उतरताना त्यांची पिशवी बसमध्येच राहिली. कंडक्टरने ती डेपोत जमा केली. दुसऱ्या दिवशी सुमतीबाई डेपोत गेल्या. पिशवीत साडी होती, कंपासपेटी होती, पण नारळ एकच होता."

एवढीच. ती मी लगेच सांगितली आणि अर्ध्या तासानं परत सांगितली. बाई म्हणाल्या, "छान." बाहेर बाकावर आई, बाबा आणि दादा बसले होते. दादाला घरी सोडणार कुणाकडे, म्हणून तो प्रत्येक खेपेला बरोबर असायचाच. आईनं पहिला प्रश्न केला, "काय ईचारला?" आणि मी तिला सुमतीबाई सांगितली. आईनं ती परत सांगायला लावली. घरी पोचेपर्यंत ती आईला पाठ झाली होती.

आमच्या घरात गोष्ट आली की ती गुमान बसून राहत नसे. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी ओटीवर सुमतीबाई सांगितली आणि एकच गदारोळ झाला. आतेचा पहिला सवाल, "दुसरा नारल कोनी खाल्ला?" बाबांच्या मते कंडक्टरनं. आतेच्या मते डेपोतल्या वॉचमननं, कारण कंडक्टरला खायचाच असता तर त्यानं पिशवी जमा कशाला केली असती. आईचं म्हणणं, नारळ मुळात एकच असेल, बाई मोजायला चुकली असेल; आईला कुणालाही चोर म्हणायचं जिवावर यायचं. वाद मिटेना, म्हणून आतेनं दुसऱ्या दिवशी गोष्टच दुरुस्त करायला घेतली. सुमतीबाई शेजारच्या राई गावची कोळीण झाली. तिच्या डोक्यावर मासळीची पाटी आली. बसमध्ये वास येतो म्हणून कंडक्टरनं तिला मागं पिटाळलं, बाकीच्यांनी नाकाला रुमाल लावले, तेव्हा सुमती त्यांना असं काही ऐकवून उतरली की त्या तावात तिची पिशवी वर राहिली. हा भाग आतेला कल्पनेतून आणावा लागला नव्हता. बसमध्ये पाटी घेऊन चढताना तिला रोजच हे ऐकावं लागे. नारळाचंही तिनं लावून दिलं: घोडबंदरला जाताना सुमतीनं एक नारळ खाडीला दिला होता, आणि मग तिच्याच लक्षात राहिलं नाही. चोरी कुणीच केलेली नव्हती. आई या दुरुस्तीवर खूश झाली. कंडक्टर नाक धरून "पीछे जाव, पीछे जाव" करतो, तिथं आते स्वतःचं नाक चिमटीत धरून बोलायची, आणि तिथं दादा हसायचा. दुसऱ्या कुठल्या गोष्टीला तो हसल्याचं मला आठवत नाही.

आईला अक्षर येत नव्हतं, पण परीक्षा घेता येत होती. इस्पितळात वर्षातून एकदा विचारतात, मग मधल्या दिवसांत पोरीचं डोकं कुठं चाललंय हे कसं कळणार, असा तिचा हिशेब. म्हणून दिवेलागणीला ती चुलीपाशी बसून म्हणायची, "सांग गो सुमती," आणि मी सांगायचे. सरळ सांगून झाली की ती पिठाचा हात थांबवून एखाददुसरा आडवा प्रश्न टाकायची, साडी कंच्या रंगाची, वार कंचा. माझं उत्तर बरोबर आलं की तिचा हात परत चालू. शाळेतल्या पाढ्यांइतकी ती गोष्ट माझ्या अंगवळणी पडली, आणि पाढे जसे कुणी केले हे आपण विचारत नाही, तसं तिच्यातलं इस्पितळाचं किती आणि आतेच्या पदरचं किती, हे मी विचारेनाशी झाले. मला ती एकच गोष्ट वाटायची.

पुढच्या खेपांना बाईंनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. तीच गोष्ट दिली तर दोन वर्षांची तुलना करता येते, असं त्यामागे होतं. त्यातल्या पहिल्या खेपेला मी गोष्ट नीटनेटकी सांगून मोकळी झाले. नंतर मी दहावीत जायच्या उन्हाळ्यात मात्र गडबड झाली. बाईंनी सुमतीबाई सांगितली आणि मी तोंड उघडलं ते घरच्यासारखं. पाटी सांगितली, नाकाला रुमाल सांगितला, खाडीला दिलेला नारळ सांगितला. बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी विचारलं, "पाटीचं मी सांगितलं का?" मी म्हणाले, "हो." "नक्की? आठवून सांग." मी म्हणाले, "नक्की. तुम्हीच सांगितलंत." मला खरोखरच तसं वाटत होतं. अर्ध्या तासानं त्यांनी परत विचारलं तेव्हा मी कंडक्टरचं हिंदीही सांगितलं. अक्षरं खोडण्याच्या कागदातही त्या वर्षी माझ्या हातून पुष्कळ अक्षरं सुटली होती, हे मला बाहेर येईपर्यंत माहीत नव्हतं.

डॉक्टरांच्या खोलीत आम्ही सगळे उभे होतो. डॉक्टर चांगले होते, आवाज चढवून बोलत नसत, आणि म्हणूनच ते जे म्हणाले त्याची जास्त भीती वाटली. ते म्हणाले की रक्तातलं त्या घटकाचं प्रमाण वर गेलंय, लक्ष कमी झालंय, पण काळजीची गोष्ट वेगळी आहे. "विसरत असती तर एक वेळ समजलं असतं. ही न सांगितलेलं सांगितलं म्हणून सांगते, आणि तिला त्यातला फरक कळत नाही. मेंदूला बाधा सुरू झाली असेल तर असं होऊ शकतं." यंदा दहावीचा ताण देऊ नका, भात आणखी कमी करा, काही महिन्यांनी परत तपासू आणि मग शाळेचं बघू. बाबांनी मान डोलावली. आईनं डॉक्टरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. ती दादाच्या शर्टाचं बटण लावत होती, आणि ते आधीच लागलेलं होतं.

शाळा उघडली तेव्हा मी घरी होते. माझ्या वर्गातल्या मुली नवी पुस्तकं छातीशी धरून आमच्या दारावरून जायच्या आणि मी ओटीवर दादाशेजारी जवळा निवडत बसायचे. आईनं पितळी वाटी बदलून तिच्याहून लहान आणली. मला सारखी भूक लागायची, आणि भूक लागली की लक्ष लागायचं नाही, आणि लक्ष लागलं नाही की मला वाटायचं, आलं. दादाच्या हातांना एक सवय होती, तो बोटं डोळ्यांसमोर धरून हलवत बसायचा. मी माझे हात मांडीखाली दाबून ठेवायला लागले. मला भीती वाटत होती, हे मी आज सरळ लिहिते, तेव्हा कुणाला म्हणाले नव्हते. मरायची भीती नव्हती. त्या ओटीवर जन्मभर बसून राहायची होती. आणि आई, जिला या सगळ्यावर दुसरा उपाय ठाऊक नव्हता, ती आता दिवसातून एकदा नाही, तीनतीनदा सुमती विचारायची. मी पाटीसकट, नारळासकट, न अडखळता सांगायचे. आई ऐकून पुटपुटायची, "सगली तर येते हिला. मग गेला काय हिचा?"

ठरलेल्या दिवशी बाबांच्या होडीचं मशीन खोललेलं होतं, म्हणून आमच्याबरोबर आते आली. बाजार बुडवून आल्यामुळे तिचं डोकं तडकलेलं होतं. व्हरांड्यात काही बांधकाम चालू होतं, ठोकाठोकीला दादा घाबरला आणि कानांवर हात ठेवून ओरडायला लागला, तो काही केल्या बाकावर बसेना. बाईंनी दार उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "आत या सगळे, पण कुणी बोलायचं नाही." एरवी त्या खोलीत माझ्याशिवाय कुणाला प्रवेश नव्हता. आई, आते आणि दादा भिंतीला टेकून खाली बसले. मी आकडे उलटे म्हटले, अक्षरं खोडली. आते चिडीचूप होती, तिच्या मानानं फार वेळ. मग बाईंनी त्यांच्या त्या सपाट आवाजात सुमतीबाई सुरू केली. मंगळवार झाला, बस झाली, नारळ, साडी, कंपासपेटी झाली, पाऊस लागला, पिशवी राहिली. आणि मागून आवाज आला.

"ओ बाई, पाटी ऱ्हायली तुमची."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय?"

"पाटी. सुमतीच्या डोक्यावर पाटी व्हती ना. तवा तर ती भांडली, तवा तर पिशवी ऱ्हायली. तुमी मधला सगला गाललात. अशी सांगल्यावर पोरीला काय कलनार?"

आईनं आतेचा पदर ओढला. बाईंनी ड्रॉवर उघडून एक फाइल काढली, उन्हाळ्यातला माझा कागद काढून समोर ठेवला, आणि आतेला म्हणाल्या, "तुम्ही सांगा बरं, तुमच्या पद्धतीनं." आतेला दुसरं काय हवं होतं! तिनं बैठक बदलली आणि राईपासून सुरुवात केली. बाई कागदावर बोट ठेवून ऐकत होत्या, बोट ओळीओळीनं खाली सरकत होतं. कंडक्टरपाशी आतेनं नाक चिमटीत धरलं, "पीछे जाव, पीछे जाव," आणि दादा, जो इतका वेळ कान झाकून बसला होता, तो मोठ्यानं हसला. बाईंचं बोट थांबलं. त्यांनी दादाकडे बराच वेळ पाहिलं. खाडीतला नारळ झाल्यावर त्यांनी विचारलं, "ही गोष्ट घरी रोज होते का?"

आईला वाटलं, आता पोलीस येणार. ती उठून उभी राहिली. "मी ईचारते तिला. रोज. काय इसरली तर मना कलावा म्हनून. तिचा कायपन दोष न्हाय."

"बाई, तुम्ही परीक्षेचा पेपर घरी नेऊन वर्षानुवर्षं घोटून घेतलात."

"मग घोटला ना तिनं?" आई म्हणाली. "सगला येतो ना तिला?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्या बऱ्याच तरुण दिसल्या. त्या म्हणाल्या, "येतो. आणि तोच तोच पेपर परत परत द्यायला नको होता, ते माझं चुकलं." मग त्यांनी आईला जे समजावलं ते तिला कितपत कळलं माहीत नाही, पण मला लख्ख कळलं: मी न घडलेलं आठवत नव्हते, घडलेलंच आठवत होते, फक्त ते इस्पितळात घडलेलं नव्हतं, आमच्या ओटीवर घडलेलं होतं. मला रडू आलं. आते म्हणाली, "आता काय झाला रडायला?" आणि ती स्वतःच पदर डोळ्यांना लावून बसली.

बाईंनी तिघांनाही बाहेर काढलं. ठोकाठोकी थांबली होती. कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी एक दुसरा कागद काढला, दार नीट लागलंय का ते पाहिलं, आणि मला एक अगदी नवी गोष्ट सांगितली. तिच्यात सुमतीबाई नव्हती, माझ्या ओळखीचं कुणीच नव्हतं. मी ती सांगितली. मग अर्धा तास आम्ही खिडकीतून खालचा माळी पाहत बसलो आणि मी ती परत सांगितली. बाई "छान" म्हणाल्या नाहीत, पण त्यांनी कागदावर भराभर लिहिलं आणि तो घेऊन डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी आम्हाला जे सांगितलं त्यात पेढे वाटण्यासारखं फारसं नव्हतं, आणि तरी मला ते शब्दशः आठवतं. स्मरणाला काही झालेलं नाही. लक्ष मात्र खरोखरच कमी पडतंय. अक्षरांच्या कागदात शेवटच्या ओळींत ही थकते, आणि रक्त वर आहे तोवर थकणारच. तेव्हा पथ्य सुटणार नाही, दोनचार वर्षांत नाही, कधीच नाही. लहान वाटी तशीच ठेवा, पण मधे मधे फळं द्या, पोर भुकेली ठेवू नका. आणि शाळेत घाला, दहावीला बसवा. आईनं विचारलं, "बसवू? नक्की?" डॉक्टर म्हणाले, "बसवा. पास होणं न होणं तिच्या हातात." मी पास झाले. तिसऱ्या श्रेणीत, आणि गणिताचा पेपर अर्धा सोडून. पण तो सगळा वेगळा तमाशा आहे.

इस्पितळाच्या जिन्यावरून उतरताना आतेनं दादाचा हात धरला होता आणि ती पुढं होती. आई माझ्याबरोबर, एका हातानं कठड्याला धरून. दोन पायऱ्या उतरून तिनं सवयीनं विचारलं, "आज कंची गोष्ट सांगली त्यांनी?" मी सवयीनं तोंड उघडलं, आणि माझा पहिला शब्द निघतो न निघतो तोच आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या हाताला पाट्यावरच्या वाटणाचा वास येत होता. ती म्हणाली, "नको. मना नको सांगू. आतेला तर अजाबात नको. कोनालाच नको. तुझ्यापाशीच ऱ्हाव दे."

आतेनं पुढं कितीतरी दिवस माझी मनधरणी केली, डोळे वटारले, केळ्यांचं आमिष दाखवलं. आईनं एकदाही विचारलं नाही. चुलीपाशी बसली की तिचे ओठ हलायचे, ती माझ्याकडे बघायची, आणि परत पिठात हात घालायची. विचारल्यावाचून राहणं तिला किती जड जायचं ते मला दिसत होतं, आणि तिच्यावर माझं तेव्हा जितकं प्रेम होतं तितकं आधी कधी नव्हतं. आता ती नाही. आते नाही, दादा तर त्याआधीच गेला. मुर्ध्यातल्या त्या घराच्या जागी इमारत उभी आहे. ती गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि इथेही लिहिणार नाही. पण मधून मधून, कुकर लावून शिटीची वाट बघत ओट्यापाशी उभी असले की, मी ती मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणून बघते. आज सकाळी म्हटली. सगळी आहे.